खाली, खाली-वर

कॉलेजात असताना मी गिटार वाजवायचो, हे वाक्य मी लग्नानंतर इतक्यांदा बोललो होतो की शेवटी माझाही त्यावर विश्वास बसला. खरं म्हणजे मी गिटार एकदाच हातात धरली होती, मित्राच्या खोलीवर, फोटो काढण्यापुरती. तो फोटो अजून आमच्या हॉलमध्ये आहे. त्यानेच घात केला.

आमची मुलगी अकरावीला. गेल्या वर्षी जयंतीच्या कार्यक्रमात, विहारापुढच्या मांडवात, ती गायला उभी राहिली आणि दुसऱ्या कडव्याला शब्दच विसरली. माइक ठेवून खाली उतरली. त्यानंतर घरात तिचा आवाज फक्त भांडणापुरता. यंदा मार्चमध्ये जेवता जेवता तिने त्या फोटोकडे बघितलं आणि म्हणाली, "पप्पा, तुम्ही गिटार घेऊन शेजारी बसणार असाल तर मी गाते."

मी हो म्हणालो.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडून गिटार मागून आणली आणि मोबाइलवर व्हिडिओ लावून बसलो. गाणं आमच्या कॉलनीत प्रत्येकाला पाठ असलेलं, म्हणजे चुकलो तर नाशिक रोडला तोंड लपवायला जागा नाही. डावा हात रडतखडत तीन कॉर्डवर आला. उजव्याने छळलं. व्हिडिओतला पोरगा हसत सांगायचा, खाली, खाली-वर, मग हात नुसता हवेतून खाली न्यायचा, तारेला शिवायचं नाही, मग वर, खाली-वर. मला सगळं जमायचं, तेवढा हवेतला फटका जमेना. हात रिकामा खाली न्यायचा ही कल्पनाच माझ्यासारख्या सरकारी माणसाला पटत नव्हती.

मग मी तोंडाने म्हणायला लागलो. 'खाली, खाली-वर.' अंघोळ करताना, बसमध्ये शेजारच्याच्या पिशवीवर बोटं आपटत. ऑफिसात आवक टपालावर शिक्के मारायचं काम माझं. तिथेही तोच ठेका. हवेतला फटका आला की एक पत्र बिनशिक्क्याचं पुढे सरकायचं. आठवड्याने साहेबांनी शिक्का न पडलेल्या पत्रांचा गठ्ठा समोर ठेवला आणि घरी सगळं ठीक आहे ना, असं फार हळू आवाजात विचारलं.

घरी ठीक नव्हतं. मी बेडरूममध्ये पुटपुटत वाजवायचो, ती किचनमध्ये आईला पोळ्या लाटून देता देता गायची, आणि भिंतीपलीकडून तिचं दुसरं कडवं जवळ आलं की माझं पुटपुटणं वाढायचं. ती यंदाही अडली तर पुन्हा कधी गाणार नाही, हे बायकोला आणि मला दोघांनाही कळत होतं. कार्यक्रमाच्या दिवशी बायको एवढंच म्हणाली, "अहो, स्टेजवर तोंड तेवढं बंद ठेवा."

आमचं नाव पुकारेपर्यंत मी चार वेळा घरी जाऊन आलो, चारही वेळा एकाच कारणासाठी. ढोलकी वाजवणाऱ्या काकांनी माझ्यापुढे माइक लावून दिला. मी ओठ गच्च मिटून सुरुवात केली. पहिलं कडवं गेलं. घामाने तारा छेडायचा प्लास्टिकचा पिक बोटांतून निसटत होता, पण हात चालला होता.

दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी ती थांबली.

मी वाजवत राहिलो, कारण मला थांबायचं शिकवलंच नव्हतं. काकांनीही ठेका धरून ठेवला. पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पोरीचा हात माइकवर पांढरा पडला होता. ती माझ्याकडे वळली आणि ओठांतल्या ओठांत म्हणाली, "पप्पा, म्हणा ना."

मला आधी कळेना, काय म्हणू? गाण्याचे शब्द तर त्या क्षणी मलाही आठवत नव्हते. मग भिंत आठवली. महिनाभर तिने हे कडवं माझ्या पुटपुटण्यावरच म्हटलं होतं.

"खाली, खाली-वर," मी म्हणालो. सगळा मांडव हसला. माइक जोरात होता. "वर, खाली-वर."

तीही हसली, आणि हसता हसताच कडवं तिच्या तोंडातून सुटलं, शेवटपर्यंत. मीही शेवटपर्यंत म्हणत राहिलो. बायकोने पदरात तोंड लपवलं होतं. ती हसत होती की काय, ते मी अजून विचारलेलं नाही.

खाली उतरल्यावर काकांना विचारलं, गिटार कशी वाटली? ते ढोलकीला खोळ घालत होते.

"ती कुठं ऐकू आली, साहेब? माइक तुमच्या तोंडापाशी होता."