मलिद्याच्या दिवशी उलटलेलं पान

तुमच्या घरात चार पिढ्या जपलेलं एखादं पत्र शेजारच्या बाईंनी मोठ्या प्रेमानं वाचून दाखवलं आणि शेवटी म्हणाल्या, हे खरं तर आम्हालाच लिहिलेलं होतं, तर तुम्ही त्यांना चहा विचाराल का?

आम्ही विचारला. नेहमीच विचारतो. आम्ही ज्यू आहोत, मराठी बोलणारे बेने इस्राएल. नाशकात आमची घरं इतकी थोडी की सणाच्या प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवायचे तर ठाण्याला फोन करावा लागतो. एवढ्याशा लोकांना शेजाऱ्यांशी भांडण परवडत नाही.

पप्पा सातपूरच्या एका कारखान्यात होते आणि नोकरीभर युनियनचं काम करत होते. घरात गोष्टींची पुस्तकं कमी, पत्रकं जास्त. मी अक्षरं पत्रकांवरच गिरवली. चूक दिसली की ठळक मथळा द्यायचा आणि खाली चार मुद्दे मांडायचे, ही सवय तिथूनच लागली. आता तिचाही कंटाळा आलाय. ऑफिसात कुणीतरी विचारतं, "ज्यू म्हणजे ख्रिश्चनच ना, जुन्या करारवाले?" मी आधी अर्धा तास समजावायची. हल्ली द्वारकेच्या चौकात रोज तासभर अडकून घरी पोचते, तेव्हा वाटतं, हो म्हणावं आणि सुटावं.

आमच्या घरचं मराठी बायबल मिशनऱ्यांनी छापलेलं. आमची प्रार्थना हिब्रूत, पण अर्थ कळायचा तो त्या मराठीतून. ते उपकार मी नाकारत नाही. त्यात पुढे ख्रिस्ती लोकांचा नवा करार जोडलेला होता. पणजोबांनी बाइंडरकडे नेऊन तेवढा भाग सोडवून घेतला आणि उरलेल्याला काळं कापड चढवलं. म्हणून आमचं पुस्तक देवाचा निरोप आणणाऱ्या एका संदेष्ट्याच्या छोट्याशा ग्रंथापाशी संपतं. जिवंतपणीच स्वर्गात गेलेल्या एलियाहू संदेष्ट्याला देव पुन्हा पाठवील, तो बापांची मनं मुलांकडे आणि मुलांची बापांकडे वळवील, असं त्या शेवटच्या पानावर आहे.

एलियाहू आमच्या घरचाच. नवस फेडायचा असला की आम्ही त्याच्या नावानं मलिदा करतो. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि भोवती फळं. पप्पा प्रत्येक मलिद्याला हिब्रू प्रार्थनेनंतर ते शेवटचं पान मराठीत वाचायचे आणि पुस्तक मिटून म्हणायचे, "बघा, आपलं पुस्तक त्याच्यावर संपतं. देवाचा शेवटचा शब्द एलियाहू."

गेल्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नीट पार पडलं म्हणून मलिदा ठेवला. पण नवा चष्मा यायचा होता आणि बारीक अक्षर दिसत नव्हतं. समोरच्या ब्लॉकमध्ये एक निवृत्त शिक्षिका राहतात. ख्रिस्ती आहेत. सगळी कॉलनी त्यांना टीचर म्हणते. ऑपरेशननंतर महिनाभर त्याच रोज संध्याकाळी येऊन पप्पांना वाचून दाखवत होत्या, कारण मी घरी पोचेपर्यंत पप्पांना झोप लागलेली असायची.

"भाऊ, तुमच्या पुस्तकाची अक्षरं मुंगीएवढी," त्या म्हणाल्या. "मी आपलं माझंच आणलंय."

"आणा की. देव तोच आहे."

"नशीब, एवढं तरी मान्य करता."

ठाण्याहून आलेले काका हसले. टीचरांनी ते पान सुरेख वाचलं. शब्द सगळे तेच होते. वाचून संपल्यावर त्यांच्या हातांनी सवयीनं पान उलटलं, कारण त्यांच्या पुस्तकाला पुढचं पान होतं. आनंदानं म्हणाल्या, "आणि इथं पुढं तुमचा एलियाहू आलाच बघा. आमच्या प्रभूच्या पुढं वाट तयार करणारा. देवानं तुम्हाला सांगितलं आणि आमच्याकडे पुरं केलं."

काकांनी केळं सोलायला घेतलं.

मला बोलायची गरज नव्हती. पण पत्रकांवर वाढलेली मुलगी गप्प बसत नाही. मी म्हणाले, "टीचर, आमच्या हिब्रू पुस्तकात हे शेवटचं पान नाहीच. आमच्यात आधी तोरा म्हणजे नियमशास्त्र, मग संदेष्टे आणि मग बाकीचे लेख. संदेष्टे मधे येतात. शेवटी आहे तो पर्शियाचा राजा, परागंदा लोकांना घरी जा म्हणणारा. संदेष्टे शेवटी ठेवायचा क्रम तुमच्या चर्चचा. पान उलटलं की तुमचाच माणूस उभा राहावा, अशी ती मांडणी आहे."

टीचरांचा चेहरा पडला. मी जिंकले होते. मग पप्पांकडे बघितलं.

"मधे येतात?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तुला कधीपासून ठाऊक?"

"कॉलेजपासून."

"आणि मी चाळीस वर्षं..." ते थांबले. "आजोबांनी नवा करार काढला. क्रम तसाच राहिला."

त्या दिवसापासून पप्पांनी पुस्तक कपाटावर ठेवून दिलं. टीचर यायच्या बंद झाल्या. मी वाचते म्हटलं तर, "राहू दे, थकून आलीस," म्हणायचे. त्यांना एकच पान पाठ होतं, आणि ते त्यांचं राहिलंय की नाही याची खात्री मी काढून घेतली होती. टीचरांनी आपला अर्थ लावला होता. खात्री घालवली ती मी, बरोबर माहिती देऊन.

पंधरा दिवसांनी टीचर स्वतःच आल्या. बसल्या नाहीत.

"मला हे कुणी शिकवलंच नव्हतं गं," त्या मला म्हणाल्या. "पण मी खोटं बोलणार नाही. मला अजूनही ते आमच्याच प्रभूविषयी वाटतं."

"वाटू दे की," आतून पप्पा म्हणाले. "फक्त माझ्या मलिद्यात मला ते ऐकायला नको. बाई, तुम्ही आलात की आमच्यासाठी थांबलेल्या वाटता, पण तुमची गाडी कधीच पुढं गेलेली असते. आम्ही अजून एलियाहूची खुर्ची रिकामी ठेवतो. मुलाच्या सुंतेला ठेवतात, बघितलीय ना तुम्ही? तिच्यावर कुणाला बसवून, आला म्हणून सांगायचं नसतं."

टीचरांनी विचारलं, "मग मी वाचून तिथंच थांबले तर?"

"तर चहा घ्या."

नवा चष्मा आल्यावर पप्पांनी मला आमचा खरा शेवट शोधून द्यायला सांगितला. त्या काळ्या कापडाच्या पुस्तकात तो कुठंतरी मध्यावर सापडला. राजा लोकांना घरी जा म्हणतो, एवढ्यावर तो भाग संपतो. त्यांनी दोनदा वाचला.

"चांगला आहे," म्हणाले. "पण मलिद्याला मी एलियाहूच वाचणार. मधे असला म्हणून काय झालं."

या वेळी मी मुद्दा काढला नाही.

सगळे ज्यू माझ्या पप्पांसारखा विचार करत नाहीत. काहींना ख्रिस्ती वाचनाचा राग येतो, काही खांदे उडवतात, काही त्यावर प्रेमानं वाद घालतात. पण संदेष्टे आमच्याशी बोलताना आमच्या डोक्यावरून तुम्हा ख्रिस्ती वाचकांकडे बघत होते, हे कुणी खात्रीनं सांगितलं की आम्हाला आमच्याच घरात पाहुणं झाल्यासारखं वाटतं. हे मी पुष्कळदा लिहिलंय आणि आता लिहून दमलेय. म्हणून या वेळी चार मुद्दे देत नाही.

येत्या नाताळात तुमच्या प्रार्थनेत एखादा संदेष्टा वाचला जाईल. तेव्हा ओळखीच्या एखाद्या ज्यू माणसाला फोन करा आणि विचारा, हा उतारा तुम्ही कसा वाचता? त्याचं सांगून होईपर्यंत आपला अर्थ बोलू नका. तेवढं करा.