डाव्या हाताची भिंत

विक्रोळीला आमच्या शाळेमागे, एका कारखान्याच्या कंपाउंडला लागून मातीचा एक तुकडा होता. शाळा त्याला मैदान म्हणायची. कारखान्याने कधी हरकत घेतली नाही आणि आम्ही मुलींनी कधी विचारलं नाही की हे नक्की कुणाचं. मुलांच्या क्रिकेटला ते पुरायचं नाही म्हणून ते आमच्या वाट्याला आलं. सगळ्या चांगल्या गोष्टी मला आयुष्यात अशाच मिळाल्या आहेत, दुसऱ्याला नको होत्या म्हणून.

तिथे आमच्या सरांनी कबड्डीचा संघ उभा केला. सर खरे भूगोलाचे. वर्गात झोपाळू वाटायचे, पण शिट्टी तोंडात गेली की माणूस बदलायचा. मैदान आखताना एक अडचण होती. कबड्डीत दोन्ही कडांना एकेक पट्टी सोडतात, तिला आम्ही लॉबी म्हणायचो. चढाई करणारीचा समोरच्या कुणाला हात लागायच्या आधी त्या पट्टीत पाय पडला तर ती बाद. पण एकदा हात लागला की पट्टी खुली होते आणि तिथून सुखाने पळून परत येता येतं. आमच्याकडे उजवीकडे पट्टीला जागा होती. डावीकडे कारखान्याची भिंत होती, सिमेंटची, खरबरीत, वर काचा लावलेली. सरांनी सोपा तोडगा काढला. भिंत हीच रेषा, अंग लागलं की बाद.

सरावाला आम्ही मोठ्या मुली कायम नळाच्या बाजूला उभ्या राहायचो आणि धाकट्या समोर. त्यामुळे चढाईला निघालं की भिंत कायम डाव्या हाताला. पहिले काही महिने सगळ्यांची डावी कोपरं सोललेली असायची. मग अंगालाच कळायला लागलं. भिंत जवळ आली की बघावं न लागता कंबर आतल्या बाजूला वळायची. बाकी शाळांच्या मुली आम्हाला रेटत कडेला न्यायच्या, आता जाते कुठे म्हणून निवांत व्हायच्या, आणि आम्ही त्यांच्याच हातांखालून आत वळून निसटायचो. दहावीच्या वर्षी ह्या एका वळणावर आम्ही उपनगरातल्या भल्याभल्या शाळांची वाट लावली.

सगळ्यात सुंदर वळायची ती आमची कप्तान. कन्नमवार नगरातली, काटकुळी, शांत. वर्गात तिचा आवाज कुणी ऐकला नसेल, पण चढाईला गेली की तिचा 'कबड्डी कबड्डी' शाळेच्या वरच्या मजल्यापर्यंत यायचा. मी डावा कोपरा सांभाळायचे. पकड माझी बरी होती, स्वभाव त्याहून कडक. पंचांशी भांडायला मला पुढे करायचे आणि जिंकून द्यायला तिला.

उपांत्य सामना पार्ल्यात होता. तो जिंकला की अंतिम सामना, आणि तो जिंकला की विभागाची स्पर्धा. आमच्या शाळेतून तिथे कधीच कुणी गेलं नव्हतं. आम्ही सगळ्या दहावीतल्या. हरलो तर त्याच संध्याकाळी संघ संपणार होता, हे सरांनी सांगायची गरज नव्हती. सकाळी माझी आई, जी एरवी खेळण्यावरून माझा उद्धार करायची, तिने न सांगता टिफिनात शिरा भरला होता.

शेवटची चढाई उरली तेव्हा आम्ही एका गुणाने मागे होतो. कप्तान गेली. एका मुलीला पाय लावला, बरोबरी. मागे फिरायच्या ऐवजी ती आणखी आत घुसली आणि दुसरीच्या खांद्याला हात लावला. आता फक्त परत यायचं होतं. उजवीकडून सगळ्या तिच्यावर धावल्या. ती डाव्या कडेला सरकली, आणि रेषेपाशी कंबर आत वळली, नेहमीसारखी, डोळे मिटूनही जमावं इतक्या सफाईने. ह्या वेळी मात्र आत चार मुली एकमेकींचे हात धरून उभ्याच होत्या. मध्यरेषेकडे हात ताणलेल्या अवस्थेत तिचा दम सुटला. पकडली गेली म्हटल्यावर लावलेले हातही फुकट गेले. आम्ही हरलो.

नंतर नळावर पाण्यासाठी रांग लागली होती. जिंकलेल्या संघातल्या एका मुलीने कप्तानला विचारलं, "डावीकडची लॉबी सगळी मोकळी होती ना. गेली का नाहीस गं तिकडून?" ती खिजवत नव्हती. तिला खरंच प्रश्न पडला होता. कप्तानने तिच्याकडे बघितलं, ओंजळीतलं पाणी सांडलं आणि ती रांगेतून बाहेर पडली. त्या क्षणी मला लॉबी आठवली. त्याआधी नाही.

आता आमच्या संघाचा एक नियम सांगायला हवा. सामन्यातली चूक सामन्याच्या दिवशी बोलायची नाही. घरी नाही, बसमध्ये नाही. पुढच्या सरावाला मैदानावर यायचं, आधी घाम काढायचा आणि मग जिची चूक तिने स्वतः सांगायची. सर म्हणायचे, तापल्या तव्याला हात लावू नये. नियम चांगलाच होता, त्याने आमची किती भांडणं वाचवली. पण ह्या सामन्यानंतर पुढचा सराव नव्हताच. पूर्वपरीक्षा आली, मग दहावी, मग निरोप समारंभ. चूक बोलायची राहिली ती राहिलीच. त्या संध्याकाळी घरी आई एवढंच म्हणाली, "हरलंस तर हरलंस गो. जेव आता." मी जेवले. कप्तान जेवली की नाही माहीत नाही.

ती पुन्हा खेळली नाही. कॉलेजच्या संघाने दोनदा बोलावणं पाठवलं, गेली नाही. आता मुलुंडला राहते, पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये नोकरी करते. आमच्या सगळ्यांच्या लग्नांना, बारशांना, आजारपणांना ती पहिली हजर. पण टीव्हीवर कबड्डी लागली की हिला स्वयंपाकघरात काहीतरी काम निघतं. आणि कुणी कप्तान म्हणून हाक मारली की चेहरा क्षणभर उतरतो. मला त्याचा राग यायचा. तिचा नाही, त्या उतरण्याचा. आम्ही तिला कधी दोष दिला नव्हता, पण नाही दिला हेही कधी बोललो नव्हतो.

गेल्या हिवाळ्यात सरांचा फोन आला. कारखाना कधीच बंद पडला होता, आता तिथे टॉवर येणार. भिंत पाडली आहे, मैदानही जाईल, एकदा बघून जा म्हणाले. रविवारी सकाळी आम्ही जमेल तेवढ्या गेलो. भिंतीच्या जागी काहीच नव्हतं. बिल्डरचे निळे पत्रे बरेच मागे ठोकलेले, मधे नुसती मोकळी माती. नळ मात्र होता तिथेच. सर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, गुडघे गेलेत, गळ्यात शिट्टी शाबूत. कप्तान त्यांच्या शेजारी पर्स मांडीवर घेऊन बसली.

उजवा कोपरा सांभाळणारी आमची मैत्रीण आता घाटकोपरला पोळीभाजी केंद्र चालवते. तिने ओढणी कमरेला बांधली आणि चपलेने रेषा ओढल्या. डावीकडेही तिने ऐसपैस लॉबी आखली. "आता जागा आहे तर सोडायची कशाला?" म्हणाली. मी आधी चढाईला गेले. धाप लागत होती, दमापेक्षा हसूच जास्त येत होतं. एकीच्या दंडाला हात लावला, त्या सगळ्या माझ्यावर आल्या, मी डावीकडे पळाले आणि रेषेपाशी गपकन आत वळले. सरळ त्यांच्या मिठीत. सगळ्या खो खो हसल्या. मग पोळीभाजीवाली माझ्या नाकर्तेपणावर भाष्य करत गेली. लॉबी तिनेच आखलेली. तीही तिथेच वळली.

ह्या वेळी कुणी हसलं नाही. मी खुर्च्यांकडे बघितलं. कप्तान उभी होती, पर्स खाली मातीत पडलेली.

"तुम्ही पण?" ती म्हणाली.

"मग काय," मी म्हटलं. "तुझ्या जागी त्या दिवशी मी असते तरी तेच केलं असतं. आम्हाला कुणालाच ती लॉबी सुचली नसती."

"इतकी वर्षं मला वाटत होतं, मी घाबरले म्हणून वळले."

मी जाऊन तिची पर्स मातीतून उचलली आणि नको तितकी झटकत राहिले. मी रडत नाही अशी माझी ख्याती आहे.

तिने चपला काढल्या, वाकून माती कपाळाला लावली आणि चढाईला आली. आवाज तसाच, वरच्या मजल्यापर्यंत जाणारा. माझ्या खांद्याला तिचा हात लागला, आम्ही सगळ्या तिच्यावर धावलो, ती डावीकडे सरकली आणि वळली. आमच्या वजनाखाली सापडली तरी दम सोडेना, खालून 'कबड्डी कबड्डी' चालूच. शेवटी सरांनी शिट्टी मारली.

"घाम निघाला," सर म्हणाले. "आता जिची चूक तिने सांगायची."

कप्तान मातीतच बसली होती, केस सुटलेले. तिने श्वास घेतला. "सर, पार्ल्याला डावीकडे लॉबी मोकळी होती. मला दिसली नाही."

सरांनी गळ्यातली शिट्टी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "मला बाहेर बसूनसुद्धा दिसली नव्हती गं."