माझ्या शुक्रवारात घुसलेला घाना

बहारीनमधला शुक्रवार माझ्या मालकीचा होता. सुट्टी सगळ्यांनाच असायची, पण जेवणं आटोपून मंडळी सतरंजीवर पसरली की सगळे माझ्या तोंडाकडे बघत. पोटापाण्यासाठी मी हिद्दच्या बाजूला जहाजदुरुस्तीच्या यार्डात फोरमन होतो. माझं खरं काम मात्र हे. आमच्या मुदीरची, म्हणजे मॅनेजरची, चाल मी अशी करून दाखवायचो की लोक डोळे पुसायचे. एप्रिलमध्ये आमचे लोक हॉल घेऊन जयंती करायचे, तिथलं सूत्रसंचालनही माझ्याकडेच. माईक माझा. सूर्याने कुठून उगवायचं हे जसं कुणी ठरवत नाही, तसं हेही कुणी ठरवलेलं नव्हतं.

मग नव्वदीच्या मधल्या कुठल्याशा वर्षी तो आला. मूळचा नागपूरचा, पण बरीच वर्षं पश्चिम आफ्रिकेत, घानामध्ये काढलेली. तिथे एका सिंधी शेठच्या प्लास्टिकच्या बादल्यांच्या कारखान्यात तो अकाउंटंट होता, आणि आता सीफ भागात एका नव्या ऑफिसात लागला होता. पहिल्याच शुक्रवारी तो माझ्या घरी आला, माझ्या बायकोच्या हातचं चिकन जेवला, माझ्याच कोपऱ्यात माझ्याच उशीला टेकून बसला आणि म्हणाला, "तिकडे टोमॅटोची राणी असते."

पसरलेले सगळे उठून बसले. मीसुद्धा, हे सांगताना आजही जीभ अडखळते.

"बाजारातल्या बायकाच निवडतात तिला," तो म्हणाला. "खेड्यातून ट्रक आला तरी तिने मान हलवल्याशिवाय एक टोपली खाली उतरत नाही. आणि वहिनी, नवऱ्याची काय टाप आहे विचारायची. तो घरखर्चाचं काय ते देतो. धंद्याची कमाई तिची."

माझी बायको हातात ताटं घेऊन स्वयंपाकघराकडे निघाली होती. ती ताटांसकट तिथेच खाली बसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझी गोष्ट ऐकायला ती कधी बसल्याचं मला आठवत नाही.

पुढच्या शुक्रवारी त्याने युरोपातल्या जुन्या कपड्यांच्या गासड्या सोडल्या. बंदरात त्यांचे डोंगर लागतात, आणि तिथला कारकून कुणा परदेशी मयताचा कोट घालून ऐटीत ऑफिसला येतो. त्याच्या पुढच्या शुक्रवारी शाळामास्तर आला, सकाळी वर्गावर आणि दुपारी टॅक्सीवर, कारण पगारात महिना निघत नाही. मग फ्रीज आला. तिथला पैसा इतका घसरलेला की फ्रीज घ्यायला लोक नोटा पोत्यात भरून नेतात, आणि घरी आणल्यावर वीज नसते, म्हणून त्यात इस्त्रीचे कपडे ठेवतात. लोक पोट धरून हसले. तो वाईट सांगत असता तर मी त्याला मनापासून दाद दिली असती. पण तो चांगला सांगायचा. कुठे थांबायचं ते त्याला बरोब्बर कळायचं, आणि तो थांबला की मी उगाच सतरंजी सारखी करत बसायचो.

आमच्या मंडळाचे अध्यक्ष एक काका होते. एका शुक्रवारी मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "यंदा माईक घानावाल्याला देऊन बघू या का? तुलाही जरा आराम."

"आराम कुणी मागितला, काका?"

"पुढच्या शुक्रवारी बसून ठरवू."

माझ्याकडे एक आठवडा होता. आणि त्याच आठवड्यात आमच्या यार्डात एक मालवाहू बोट दुरुस्तीला लागली. तिचा सेकंड इंजिनिअर निघाला घानाचा. मी त्याला चहा पाजला आणि सगळं सांगितलं. आमच्यात एकजण तुमच्या देशाबद्दल वाट्टेल ते ठोकून देतो, राण्या काय, फ्रीज काय; तुम्ही जेवायला या आणि खरं काय ते सगळ्यांसमोर सांगा. त्याने गंभीरपणे ऐकून घेतलं आणि येतो म्हणाला.

त्या शुक्रवारी तो आला तेव्हा दार भरून गेलं. उंचापुरा, आणि निळ्यापिवळ्या नक्षीचं भलंमोठं कापड एका खांद्यावरून घेतलेलं. माझ्या घरात मी सोडून दुसरं कुणी अशी एंट्री घेऊ शकतं, ही कल्पनाच मला नवी होती. बायकोने पाणी दिलं. तो प्यायला, पेला खाली ठेवला, गुडघ्यांवर हात ठेवून बसला आणि आमच्याकडे बघू लागला. आम्ही विचारलं, उकडतंय का, पंखा वाढवू का, तिखट चालतं ना. तो मान हलवायचा आणि परत वाट बघायचा. माझा बेत जेवणानंतरचा होता, त्यामुळे मीही हसत बसलो.

तेवढ्यात घानावाला पुढे सरकला आणि अगदी अदबीने इंग्रजीत म्हणाला, "आमच्याकडे सगळं ठीक आहे. आपलं येणं कशासाठी झालं?"

माझ्या बायकोने कपाळाला हात लावला. आपल्याकडे दारी आलेल्या पाहुण्याला कशाला आलात विचारणं म्हणजे त्याला चपला दाखवणं. पण पाहुण्याचा चेहरा उजळला. या घरात रीतभात जाणणारं कुणीतरी आहे, असा. नंतर कळलं, त्यांच्याकडे पाणी देऊन झालं की यजमान हेच विचारतो, आणि तोवर पाहुण्याने बोलायचं नसतं. विचारलं की मात्र काम काय ते सरळ सांगायचं. त्याने घसा साफ केला, उजवा हात माझ्याकडे केला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "या गृहस्थांनी मला बोलावलं आहे. इथला एकजण माझ्या देशाबद्दल खोटं बोलतो. त्याला सगळ्यांसमोर उघडं पाडणं हे माझं काम. जेवणही आहे, असं ते म्हणाले."

काका नुसतं "अस्सं" म्हणाले.

"तरीच," बायको म्हणाली, "आज न सांगता मटण आणलं यांनी."

घानावाला मजेत हसला. "मग विचारा ना त्यांना, भाऊ. एवढे लांबून आलेत."

मी मेलेल्या आवाजात टोमॅटोच्या राणीचं विचारलं.

"आहे ना," पाहुणा म्हणाला. "माशांची आहे, कांद्यांची आहे. माझी मावशी भेंडीची राणी आहे."

"आणि टॅक्सीवाला मास्तर?"

"माझा भाऊ. पण तो आता सकाळीही टॅक्सीच चालवतो. शाळेत फक्त सही करायला जातो."

फ्रीजचं सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, "तुम्ही हसलात?" काकांनी पाण्याचा पेला उचलला. "आम्हीही हसतो. माझ्या आईकडे आहे तसा फ्रीज, मीच घेऊन दिलेला. वीज असायची तेव्हा ती त्यात पाणी गार करून गल्लीत विकायची. आता वीज असते तरी केव्हा? पण ती तो रोज पुसते." मग तो घानावाल्याकडे वळला. "तुमच्याकडे जनरेटर होता?"

"होता," घानावाला म्हणाला. "कारखान्याचा."

"हं," पाहुणा म्हणाला.

एवढंच. त्या हंनंतर तो जो थांबला, तसं थांबणं मला उभ्या जन्मात जमलं नव्हतं, आणि घानावाल्यालाही नाही. मी पाहिलं तर घानावालाही उगाच सतरंजी सारखी करत होता.

जेवणानंतर पाहुणा उठला, खांद्यावरचं कापड सारखं केलं आणि ट्रकांमधून चालणारी मावशी झाला. एका ट्रकवाल्याला तिने हाकललं, दुसऱ्याकडून भेंडीची टोपली उतरवून घेतली, तिसऱ्याला भाव ऐकून चक्कर आली. काकांना ठसका लागला. माझी बायको भिंतीला टेकून हसत होती. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, आणि घानावाल्याकडेही नव्हतं. आम्ही दोघे पाण्याच्या बाटल्या भरायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो.

"बोटीचं काम कधी खलास होतंय?" त्याने विचारलं.

"जयंतीनंतर."

त्याने नळ सोडला. बाहेरून काकांचा आवाज आला. काका आपल्या तोडक्या इंग्रजीत पाहुण्याला विचारत होते, माईकवर कधी बोललात का.

"पण मराठी कुठे येतं त्यांना?" घानावाला आशेने पुटपुटला.

"नाही येत," मी म्हणालो. "भाषांतराला कुणीतरी लागेल."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. बाटली भरून वाहायला लागली होती, ती तशीच सोडून आम्ही दोघेही एकदमच दाराकडे निघालो. आमच्या स्वयंपाकघराचं दार फार अरुंद होतं.