माझ्या तासाला येऊन बसणारे सर

आमच्या खांदा कॉलनीतल्या शाळेत धर्मशिक्षणाचे सर होते. त्यांच्याइतका वरिष्ठांचा शब्द मनावर घेणारा माणूस उभ्या रायगड जिल्ह्यात सापडायचा नाही. मुख्याध्यापिका सिस्टर एकदा शिक्षकांच्या सभेत म्हणाल्या, "ख्रिस्ती श्रद्धा एका तासापुरती नको, सगळ्या विषयांत उतरली पाहिजे." आम्ही माना डोलावल्या आणि चहा घेतला. सर दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या तासाला येऊन बसू लागले.

ते मागच्या बाकावर बसत, गुडघे मावत नसत म्हणून तिरके, आणि संधी दिसली की मुलांसारखा हात वर करत. माझ्या गणिताच्या तासाला त्यांनी येशूच्या गोष्टीतल्या पाच भाकरी आणि दोन मासे पाच हजार माणसांत वाटायला काढले. माणशी भाकरीचा हजारावा तुकडा आला. "आणि तरी सगळे पोटभर जेवून बारा टोपल्या उरल्या! कसं?" उरणहून येणारी एक कोळ्यांची मुलगी उठली. "सर, मासं कंचं व्हतं? माणसाएवढी घोल असंल तर पुरतील." सरांनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले, तेही माझ्या विषयात. भूगोलाच्या बाईंनी वाळवंट शिकवायला घेतलं, तर सरांच्या बायबलातल्या मोशेची माणसं त्यात चाळीस वर्षं हिंडत राहिली आणि बाईंचा सहारा दिवाळीपर्यंत संपला नाही. पाण्याचा द्राक्षारस झाल्याची गोष्ट निघेल म्हणून विज्ञानाच्या बाई तर त्यांना पाहताच पाण्याचं भांडं कपाटात ठेवत.

मग सहावीची सहल कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्यात गेली. बरोबर सर आणि मी, दोघेच. परतताना मी बसमध्ये मुलं मोजली, बेचाळीस भरली आणि बस सुटली. हायवेला लागेपर्यंत सर एकेका बाकावर वाकून पाहत होते. अचानक ओरडले, "थांबवा! विचुंब्याहून येणारी ती मुलगी नाही." मी काही बोलायच्या आत ते उतरून पळतसुद्धा सुटले होते. पुढचा दीड तास मी एकेचाळीस भुकेली मुलं सांभाळली. तिघांना उलट्या झाल्या, बाकीच्यांना शू लागली. सर आले ते मुलीचा हात धरून. ती एका पक्ष्याच्या घरट्याकडे बघत बसली होती, बस गेल्याचा तिला पत्ताच नव्हता.

शाळेच्या गेटवर पालक खवळलेले. सिस्टरांनी विचारलं, "मुलं मोजली कोणी?"

"मी," सर म्हणाले. खरं तर मोजली होती मी.

"आणि बाकीच्यांना रस्त्यावर सोडून गेलात?"

"सिस्टर, येशूच्या गोष्टीतला मेंढपाळही नव्याण्णव मेंढ्या सोडून हरवलेल्या एकीला शोधायला गेला होता."

"त्याच्या नव्याण्णवांचे आईबाप गेटवर उभे नव्हते!"

तेवढ्यात मुलीचे वडील पुढे आले. आता हात उगारतात की काय, असं वाटलं. ते हळूच म्हणाले, "मास्तर, आमची पोर बोलत नाय. घरात नसली तरी आमाला लवकर कलत नाय. तुमाला कसं कललं?"

"माझ्याकडे बघून ती रोज हसते," सर म्हणाले. "आज कोणी हसलंच नाही."

सरांच्या सहली त्या दिवसापासून बंद झाल्या. नंतर मी त्यांना विचारलं, तुम्ही का अंगावर घेतलंत? ते म्हणाले, "अहो, गणिताच्या मास्तरांची मोजणी चुकली तर विषयाची बदनामी. माझ्या विषयात माफीची सोय आहे."

यंदा ते निवृत्त होऊन संगमनेरकडे गावी गेले. निरोप समारंभात सगळं खरं सांगायचं ठरवून मी उठलो. पहिल्या रांगेतून सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली, नको. मी "सर फार चांगले होते" एवढं म्हणून खाली बसलो. तेवढं मात्र खरं होतं.