सगुणचा घण

खाण बंद पडल्यावर सगुणच्या हाताला काम नव्हतं. गोव्यातल्या नार्वे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत त्याची वाडी. गेल्या पावसाळ्यात तिथे जमिनीला लांब भेग पडली आणि शेजारच्या सखारामचा गोठा खचला. मग फोंड्याहून क्षमा नावाची भूवैज्ञानिक मुलगी आली. तिला घण मारायला दणकट माणूस हवा होता.

जमिनीत ओळीने खुंट्यांसारखी यंत्रं खोचली होती. सगुण लोखंडी पाटावर घण घाली, हादरा जमिनीतून धावे आणि खुंट्या तो टिपून घेत. घट्ट खडकातून हादऱ्याची लाट झरझर जाते, भुगा झालेल्या खडकातून रेंगाळत, हे क्षमाने त्याला समजावलं होतं. फार पूर्वी खडक जिथे तुटून सरकला होता, तो पट्टा कुठून जातो हे तिला शोधायचं होतं.

ओळ सगुणच्याच अंगणात आली. त्याने घण घातला. क्षमाने संगणकाच्या पडद्यावरची रेघ पुन्हा तपासली.

"काय झालं गे बाय?"

"लाट उशिरा येतेय, सगुणदादा. घराखालचा खडक पार चुरडलाय."

त्याने अंगातलं सगळं बळ एकवटून पुन्हा घण हाणला. पुन्हा. पुन्हा.

"जोरात मारून ती लवकर नाही येणार," क्षमा हळूच म्हणाली.

पावसापूर्वी वाडी हलवा, असं सांगण्यात आलं. "स्वतःच्या घरावर घण घातलात," म्हणत मालतीने, त्याच्या बायकोने, भांडी बांधली. दोघं डिचोलीत एका खोलीत आली. बाकीची घरंही एकेक करून उठली. सखाराम तेवढा हलेना. सगुण त्याला समजवायला गेला, तर तो अंगावर धावून आला, "तुझ्याच घणाने डोंगर सैल झाला! पुन्हा तोंड दाखवू नकोस." सगुण परतला. पुन्हा गेला नाही.

आषाढात डोंगर खाली आला. सखारामची बायको गंगा सकाळी देवळात गेली होती म्हणून वाचली. चिखल उपसायला सगुण सगळ्यांच्या पुढे होता. सखारामचा देह सापडला तो सगुणच्याच हाताला.

"खडक चुरडलाय हे मला सांगायचं होतंस रे," गंगा म्हणाली. "त्याला ओढून नेलं असतं मी. एकदा शिव्या खाल्ल्यास आणि आमचं नाव टाकलंस?"

मालती पुढे झाली आणि गंगाला हाताला धरून आपल्या खोलीवर घेऊन आली. आता तिघं तिथे राहतात.

पाऊस ओसरल्यावर पेडण्याकडच्या एका डोंगरासाठी क्षमाचा फोन आला. सगुणने दोन दिवस हो-नाही करण्यात काढले. मग गेला. तिथल्या वाडीतली माणसं दाराआडून बघत होती. त्याने कामाला हात न लावता पहिल्याच घराची पायरी गाठली आणि हाक मारली. आतून कुणी ओ दिली नाही. तो तिथेच बसून राहिला.