साडूंची रांग

बायकोलाही जे कधी सांगितलं नाही ते आधी सांगून टाकतो. आहुप्याकडं चढणारी जुनी पायवाट मी पुरी चढलेलो नाही. काही वर्षांपूर्वी अर्ध्या वाटेवरच्या झऱ्यापासून माघारी फिरलो आणि ओळखीच्या एकाच्या मोटारसायकलवर बसून गाडीरस्त्यानं माथा गाठला. वर चहाच्या टपरीवर माझे साडू वाट बघत होते. त्यांनी माझा घाम पाहिला, पाठ थोपटली आणि 'आपल्याला शेपटी मिळाली' असं टपरीवाल्यासकट सगळ्यांना सांगून टाकलं. घाम मोटारसायकलवरच्या भीतीचा होता.

शेपटी म्हणजे पोरांच्या रांगेत सगळ्यात मागं चालणारा मोठा माणूस. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत माणसांना चालता येत नाही, असं माझ्या साडूंचं ठाम मत आहे. मूल वर्षाचं झालं की चालायला लागतं हे त्यांना मान्य नाही. ते नुसतं पडायचं लांबवतं, असं ते म्हणतात. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, निवृत्त झाले, तरी दर हिवाळ्यात आठवी-नववीची पोरं घेऊन याच वाटेनं डोंगरात जायचं सुटलं नाही. त्याची तयारी मात्र डोंगरात होत नाही, बेल्ह्याच्या बैलबाजारात होते. पाठीवर बटाट्यांनी भरलेल्या सॅका लावून पोरांनी भर बाजारातून एका रांगेत पार व्हायचं. रांग तुटायची नाही, बैलाला धक्का लागायचा नाही. एकदा एका व्यापाऱ्यानं ही रांग आपादमस्तक न्याहाळली आणि विचारलं, "मास्तर, जोडीनं देता का सुटी?" साडू म्हणाले, "अजून चालीला तयार न्हाईत." व्यापाऱ्याला ते पटलं आणि तो पुढच्या दावणीकडं गेला.

पोरांना आपल्या आपण वाट काढता यावी म्हणून ते बरोबर चालत नाहीत, लांबून नजर ठेवतात. त्यासाठी घोंगडी पांघरून, हातात काठी घेऊन मेंढपाळ व्हायचं. त्यांचे आजोबा खरोखरच मेंढरांमागं हिंडलेले, त्यामुळं वेष अस्सल. पण शर्टाच्या खिशाला लावलेली शिट्टी आणि डोळ्यांवरचा सोनेरी काड्यांचा चष्मा तसाच. पोरं जाताजाता "सर, नमस्कार" म्हणतात. साडू मान न वळवता म्हणतात, "मी न्हाई तो."

त्यांचे नियम दोनच. सगळ्यात हळू चालणाऱ्यानं सगळ्यात पुढं चालायचं, आणि एक थांबला तर सगळ्यांनी माघारी फिरायचं. खाली उतरल्यावर शेपटीनं "सगळी आली" म्हणायचं. ते म्हटलं तरी साडू प्रत्येक पोराच्या डोक्याला हात लावून मोजतात. "आज्जा असंच मोजायचा," ते सांगतात. "फक्त मेंढरं गप उभी ऱ्हायची."

इतकी वर्षं मी जेवणाचा टेम्पो सांभाळत शेपटी होणं टाळलं. यंदा ते घरी आले, सोफ्यावर बसायलाच त्यांना चांगला वेळ लागला.

"पावणं, गुडघ्यांनी राजीनामा दिलाय. मागच्या वाटेनं वर जाऊन लांबून नजर बी ठेवता येनार न्हाई. यंदा शेपटी तुमी."

"दुसरं कुणी बघा ना, सर."

"दरसालची शेपटी यंदा गावात न्हाई. दुसरं कोन चढलंय ती वाट? तुमी नाय म्हणलात तर यंदा रांग न्हाई. आन एकदा मोडली की मोडली, राव."

हो म्हणालो असतो तर माहीत नसलेल्या वाटेवर दुसऱ्यांची पोरं माझ्या भरवशावर गेली असती. मी मोटारसायकलचं सांगितलं. ते बराच वेळ शिट्टी पुसत राहिले.

"गाडी कुणाची व्हती?"

मी नाव सांगितलं.

"त्याचा ब्रेक लागत न्हाई," ते म्हणाले. "त्यापरीस चढला असता."

मग मीच त्यांना खोडदच्या त्यांच्या एका विद्यार्थिनीची आठवण करून दिली. ती दोनदा वाट चढली होती.

"ती? लहान हाये ती."

"सर, तिला दोन मुलं आहेत."

हे त्यांना नवीन होतं, पण मानलं. ती शेपटी झाली. मला ते म्हणाले, "तुमी म्होरं."

आणि मी आठवीतल्या पोरांच्या पुढं चाललो. मागून "काका, दम लागला तर सांगा, आमी फोटो काढतो" असा धीर मिळत होता. झऱ्यापाशी, त्याच जागी, पाय थांबले. वर माथा दिसत होता, टपरीचा पत्रासुद्धा. मी म्हटलं, तुम्ही जा, मी बसतो. कुणी हललं नाही. मागून खोडदवालीची हाक आली, "फिरा!" रांग जागच्या जागी उलटी वळली. "काका," ती खालून ओरडली, "आता शेपटी तुमीच!"

खाली साडू घोंगडी पांघरून दगडावर बसले होते. पोरं एकेक करून त्यांच्यासमोरून गेली, कुणी तक्रार केली नाही, कुणी नमस्कारही केला नाही. शेवटी मी आलो.

"सगळी आली?"

"सगळी आली."

त्यांनी एकाही डोक्याला हात लावला नाही. "मग झालं," म्हणाले आणि उठायला माझा हात मागितला. टेम्पोपर्यंत चालताना ते पुढं होते आणि मी मागं. इतकं हळू मी त्यांना कधी चालताना पाहिलं नव्हतं.

त्या पोरांना मी एक माथा देणं लागतो.