रुबिनाचा पत्ता

दुबईहून निघताना मला पोचवायला अब्दुल्लाभाय विमानतळावर आले होते, आणि निरोप देण्याऐवजी माझ्या कानाशी लागून म्हणाले, "ती रुबिना कोण, ते बघूनच ये."

हे अब्दुल्लाभाय म्हणजे दुबईच्या देरा भागातल्या आमच्या नेहमीच्या चहाच्या दुकानाचे मालक. मूळचे दाभोळकडचे, आमच्याच जमातीतले. मी एका इंग्रज कंत्राटदाराच्या गोदामावर स्टोअरकीपर आहे. हे एकोणीसशे एकसष्ट साल. दुबई, अबुधाबी आणि बाकीच्या अमिराती अजून वेगवेगळ्या आहेत आणि देऱ्याहून खाडीपलीकडे जायला होडीशिवाय सोय नाही. कंपनीने मला डिझेल पंपांच्या सुट्या भागांचं शिक्षण घ्यायला विलायतेत कार्डिफला पाठवायचं ठरवलं. ही बातमी गावी कळली आणि लगेच अब्बांचा निरोप आला, की कार्डिफला जातोच आहेस तर जुलेखासाठी सांगून आलेलं स्थळ बघून ये.

जुलेखा माझी धाकटी बहीण. तिचं एक लग्न ठरून मोडलं होतं. दोष समोरच्यांचा होता, पण गावात बोटं मुलीकडेच दाखवतात. आता हा उस्मान नावाचा मुलगा, शेजारच्या गावचा, लहानपणी पाहिलेला, पूर्वीचा खलाशी. बोट सोडून कार्डिफच्या पोलादाच्या कारखान्यात लागलेला. होकार द्यायचा की नकार, ते अब्बांनी माझ्या शब्दावर सोडलं होतं. दुसऱ्यांदा काही वेडंवाकडं झालं असतं तर जुलेखा घरात बसली असती, हे सगळ्यांना कळत होतं.

आणि नेमकी तेव्हाच अब्दुल्लाभायनी बातमी दिली. हसन म्हणून एक खलाशी चहा प्यायला आला होता. तो सांगून गेला, "उस्मान आता रुबिनाला असतो. लय मजेत हाय." मी विचारलं, "रुबिनाला म्हणजे? रुबिनाकडं?" अब्दुल्लाभाय म्हणाले, "मग आनखी काय? रुबिना काय बोटीचं नाव हाय?" हसनची बोट तोवर बसऱ्याकडे निघून गेली होती.

गोदामात राहून माणूस संशयी होतो. पेटीवर बारा लिहिलं असेल तरी मी उघडून मोजतो. त्यामुळे मी उस्मानला येत असल्याचं कळवलंच नाही. अचानक गाठायचं, असं मनाशी पक्कं केलं.

बहारीनला विमान बदललं, मग बैरूत, मग लंडन. लंडनबद्दल मी काही लिहीत नाही, कारण मला धुक्यात ते दिसलंच नाही. तिथून आगगाडीने कार्डिफ. गोदीजवळ एका येमेनी माणसाच्या खानावळीत हलाल जेवण मिळतं असं कळलं होतं, तिथेच खोली घेतली. आठवडाभर पंप, वॉशर आणि व्हॉल्व यांत गेला. शुक्रवारी रात्रीच्या जेवणाला मी आचारी सालेम याला सहज विचारल्यासारखं विचारलं, "इधर कोई उस्मान रहता था?"

"उस्मान!" सालेमचा चेहरा खुलला. "पहले इधर. अब इधर खलास. अब वो रुबायना."

मी घास ताटात ठेवला. गोऱ्यांच्या देशात राहून बाईचं नाव थोडं वाकडं झालं असेल, असं मी मनात म्हटलं. "रुबायना कैसी है?"

"बहुत अच्छी! शांत. फूल ही फूल. हबीबी, एक बार देखेगा तो दिल उधर ही रहेगा."

अरबाच्या हिंदीत 'अच्छा' आणि 'अच्छी' यांत फरक नसतो, हे दुबईत इतकी वर्षं काढूनही मला त्या वेळी सुचलं नाही. मी रागाने विचारलं, "उसका घर किधर?"

"ट्रेन लो. उतरा, कि रुबायना. यल्ला, कल ही जाओ."

म्हणजे बाईने घर स्टेशनाला लागूनच घेतलं होतं.

शनिवारी दुपारी मी गाडीत बसलो. छोटी, दोन डब्यांची गाडी. गोदीचा धूर मागे पडला, घरांच्या मागच्या अंगणात वाळत घातलेले कपडे दिसू लागले, मग झाडं. माझ्या समोर टोपी घातलेली, टोपली मांडीवर घेतलेली साठीची एक बाई बसली होती. एक स्टेशन आलं आणि गार्डने दार उघडून मोठ्याने हाक मारली, "रुबायना! रुबायना!"

आणि समोरची बाई उठली.

ही साठीची, उस्मान बत्तीस-तेहतीसचा. पण परमुलखात आसऱ्यासाठी माणूस काय करील याचा नेम नसतो, आणि ही बाई चांगल्या घरची दिसत होती. फलाटावर पाटी होती, पण त्या पाटीवरच्या अक्षरांचा उच्चार माझ्याच्याने बापजन्मी झाला नसता. त्यात 'रुबायना' कुठेच नव्हतं. मी पाटी सोडली आणि बाईच्या मागे निघालो.

गाव पाहायचं म्हणून मी पाहिलं नाही, तिच्यावर नजर ठेवता ठेवता दिसलं ते सांगतो. कार्डिफ शहर अगदी जवळ, पण इथे त्याचा आवाज नव्हता. खाटकाचं दुकान, त्याच्या काचेत टांगलेलं नको ते मांस. एक दगडी चॅपेल (त्यांचं साधं प्रार्थनाघर, घंटेच्या मनोऱ्याशिवायचं). मग पांढऱ्या भिंतींची, उतरत्या कौलांची घरं, सगळी एकाच हाताने बांधल्यासारखी, आणि घरांपुढे भिंतींऐवजी कापून नीट केलेली झुडपांची कुंपणं. या भागाला ते गार्डन व्हिलेज म्हणतात. एक माणूस कुंपण कापत होता. मला पाहून त्याची कात्री थांबली आणि मी वळेपर्यंत थांबलेलीच राहिली. दोन घरांचे पडदे हलले. म्हटलं, या लोकांना काहीतरी लपवायचं आहे. त्यांनी माझ्याबद्दल काय म्हटलं असेल, हे मला नंतर कळलं: इन्शुरन्सवाला आला, म्हणाले.

बाई एका फाटकाशी थांबली आणि वळली. "तुम्ही स्टेशनपासून माझ्या मागे येताय," ती इंग्रजीत म्हणाली. "काही हवंय का?"

आता मागे फिरणं शक्य नव्हतं. "आपण मिसेस रुबायना?" मी विचारलं.

तिने टोपली कुंपणावर टेकवली आणि ती इतकी हसली की तिला टोपी सावरावी लागली. "अहो, मी मिसेस प्रॉसर. रुबायनावर तर तुम्ही उभे आहात!" तिने पायाने रस्त्यावर ठोकून दाखवलं. "गाव आहे ते. आमच्या वेल्श भाषेत लिहिलेलं परक्याला वाचता येत नाही."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आम्ही दापोलीला असतो, खेडला असतो. तसा उस्मान रुबायनाला असतो. एवढ्याशा 'ला'साठी मी अख्ख्या गावातून एका म्हाताऱ्या बाईचा पाठलाग केला होता. लाज तर वाटलीच, पण संशय काही गेला नाही. गावाचं नाव असलं म्हणून काय झालं? गावात बाया नसतात?

"इथे उस्मान म्हणून कोणी..." मी सुरुवात केली.

"उस्मान? तो माझ्या वरच्या मजल्यावर राहतो. मागच्या बागेत असेल."

उस्मान खरोखरच गुडघाभर बुटांत, कांद्याच्या जातीची लांब पांढऱ्या दांड्याची भाजी उपटत होता. मला पाहून त्याने हात पाटलोणीला पुसले. "इब्राहिमभाय? तुम्ही? सलाम. कळवलं असतं तर स्टेशनवर आलो असतो."

"कळवलं असतं तर काय बघायला मिळालं असतं?" मी म्हटलं. त्याला ते समजलं. तो नुसता हसला.

मिसेस प्रॉसरनी चहा केला आणि तव्यावर भाजलेल्या, मनुका घातलेल्या छोट्या चपट्या भाकऱ्या पुढे केल्या. त्यांना इथे वेल्श केक म्हणतात. मी हात आखडला. या लोकांत असल्या पदार्थांत डुकराची चरबी घालतात, असं खानावळीत ऐकलं होतं. उस्मान हळूच म्हणाला, "खावा भाय. मी पयल्या दिवशीच सांगून ठेवलंय. माझ्यासाठी लोणीच." मी एक खाल्ला, मग दुसरा. तिसऱ्या वेळी बाईंनी ताटलीच माझ्याकडे सरकवली.

मग मी त्याच्या खोल्या बघतो म्हणालो. दोन खोल्या, झाडलेल्या. जाजमावर नमाजासाठीचं जानमाज घडी करून ठेवलेलं. आणि दारामागे, खुंटीला, बाईचा कोट. निळा, लोकरीचा.

"हा कुणाचा?"

उस्मान लाल झाला. "जुलेखासाठी घेतलाय. इथं थंडी लई असते. माप नव्हतं, अंदाजानं आणला."

तो खाली बाईंना कपबशा आवरायला मदत करायला गेला, तेवढ्यात मी कोटाच्या खिशात हात घालायला गेलो. हात आत जाईना. नव्या कोटाचे खिसे दुकानात टाके घालून बंद केलेले असतात. ते टाके तसेच होते. तो कोट कुणाच्याही अंगावर गेलेला नव्हता. मी बाहेर आलो.

संध्याकाळी उस्मानने मला गाव दाखवलं. आधी टुम्पाथ, म्हणजे झाडांनी झाकलेला मातीचा एक गोल ढिगारा. कुणी म्हणतं जुन्या किल्ल्याच्या बुरुजाची जागा, कुणी म्हणतं आत एक राजा पुरलेला आहे. मग चढण चढून वेनाल्ट नावाच्या जंगलाच्या टेकडीवर. वरून सगळं कार्डिफ दिसतं आणि त्याच्या टोकाला खाडी, तिच्यात बोटी. पाणी दिसलं की आमच्या माणसाची मान तिकडे वळतेच. माझीही वळली. उस्मान समुद्राकडे पाठ करून उभा होता आणि खालच्या घरांत कोण राहतं ते मला सांगत होता.

तिथे मी त्याला सरळ विचारलं, "गावी कधी परत येणार?"

"नाय येणार, भाय."

"म्हातारपणी?"

"नाय. बोटीवर मला दहा वर्सं कुणी नावानं हाक मारली नाय. हितं खाटीकसुद्धा मारतो, मी त्याच्याकडनं काय घेत नाय तरी. माझी आई गेली. गावात माझं कोण हाय? जुलेखाला येवढं सांगा. मागनं कळायला नको."

मी त्याचं तोंड निरखून पाहिलं. लबाडी शोधायची मला सवय आहे. तिथे मला ती सापडली नाही. पण दुसरं एक भय उभं राहिलं. रुबिना नावाची बाई असती तर तिच्याशी भांडता आलं असतं. या गावाशी कोण भांडणार?

शिक्षण संपवून परतलो. दुबईच्या विमानतळावर पायरीवर पाऊल ठेवताच गरम हवेने तोंड भाजलं. खाडीपलीकडच्या गोदामात हजेरी लावून होडीतून परतताना माझी टोपी पाण्यात पडली आणि नावाड्याने ती वल्ह्याने काढून दिली. अब्दुल्लाभाय दुकानाच्या दारातच होते. "मिळाली का रुबिना?" त्यांना सगळं सांगितलं तर ते दिवसभर येईल त्याला सांगून हसत बसले.

त्याच आठवड्यात मी अब्बांना सविस्तर लिहिलं. गाव कसं, घरं कशी, टेकडी, ढिगारा, मिसेस प्रॉसर, कोट, कोटाचे टाके, काही सोडलं नाही. शेवटी लिहिलं: मुलगा स्वच्छ आहे, पण मुलगी दिली की ती गेली असं समजावं. माझ्या मते नको.

उत्तर टपालाने आलं नाही. मुंबईहून आलेल्या बोटीने आमचे हुसेनमामा आले, कोकम आणि सुक्या बोंबलांची पोटली घेऊन. चहा पोटात जाईपर्यंत त्यांनी लग्नाचं नाव काढलं नाही.

"शाळेच्या मास्तरनं पत्र वाचलं," मग ते म्हणाले. "सगळी ओटीवर. तुझा बाप म्हणला, इब्राहिम नको म्हणतो तर नको. तेवढ्यात जुलेखा आतनं बाहेर आली."

"ओटीवर? सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. म्हणली, अब्बा, भायनं त्याचं गाव बघितलं, घर बघितलं, कोटाचा खिसा पण बघितला. भाभीच्या लग्नाच्या टायमाला दुबई बघायला कोण गेलं होतं? तो मानूस निदान सांगतो तरी, परत येनार नाय. आनि मला संगं घेऊन जानार हाय. भाभीला भाय कुठं घेऊन गेला? मी जाते म्हणली."

"अब्बा काय म्हणाले?"

"काय म्हणनार? होकार कळवला."

मी बोंबलांची पोटली उचलून बाजूला ठेवली. "आणि सफिया?" सफिया माझी बायको. लग्नाला चार वर्षं झाली, त्यात मी दोनदा घरी गेलो.

"ती दाराआड उभी होती," मामा म्हणाले. "मास्तरला बोलली, ते टेकडीचं परत एकदा वाचा."

मामा मग बोंबील कसे ठेवायचे ते सांगू लागले. मी हो हो म्हणत होतो. मी सफियेला दर महिन्याला पत्र पाठवतो आणि त्यात लिहितो, इथे सर्व ठीक, काळजी नसावी. रुबायनाची चढण कुठे लागते, चॅपेल कुठल्या वळणावर आहे, खाटकाचं दुकान कोणतं, हे ती आता न पाहता सांगेल. दुबईला समुद्र आहे की नाही, हे मी तिला आजवर कळवलेलं नाही.